बोर्डन परत गेले, वर्ग मागे राहिला
बडोदे संस्थानाने ग्रंथपाल कसे घडवले : एक प्रकरण अभ्यास

1910 साली बडोदे संस्थानापुढची अडचण आपल्या ओळखीची नव्हती. आपल्या ग्रंथालयांत पैसा कमी, पुस्तके जुनी, छप्पर गळके. बडोद्यात पैसा होता, राजाची इच्छा होती, आणि लक्ष्मीविलास राजवाड्यातला सुमारे 20,000 ग्रंथांचा स्वतःचा संग्रह सयाजीराव गायकवाडांनी लोकांसाठी काढून दिला होता. नव्हती ती माणसे. एवढे ग्रंथ लावायचे कोणी, त्यांच्या नोंदी करायच्या कोणी, आणि दारात आलेल्या वाचकाला हवे ते पुस्तक काढून द्यायचे कोणी?

मी बरीच वर्षे एका तालुक्याच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होते आणि निवृत्तीनंतर आमच्या जिल्ह्यातल्या ग्रंथालय प्रमाणपत्र वर्गावर शिकवते. वर्गात मी दर वर्षी बडोद्याची हकिगत सांगते. ती तोंडी सांगताना दरवेळी काहीतरी निसटते, म्हणून या वेळी सविस्तर लिहायला घेतली आहे.

मुळात ग्रंथालये कशासाठी हवी होती

सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. 1875 साली दत्तक गेले आणि 1881 अखेर कारभार हाती आला. 1893 मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. ग्रंथालयांची गोष्ट इथूनच सुरू होते. शाळेत चार इयत्ता शिकलेला मुलगा शेतावर गेला आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्या हाती छापील ओळच आली नाही, तर शिकलेले अक्षर गंजते. शाळेवर केलेला खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल, तर शाळा सुटल्यावरही गावात वाचायला काहीतरी असले पाहिजे.

1906 च्याच परदेशदौऱ्यात महाराजांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. कोणीही आत यावे, कपाटापर्यंत स्वतः जावे, पुस्तक हाताळावे आणि घरी न्यावे, ही पद्धत तिथे रुळलेली होती. आपल्याकडची ग्रंथसंग्रहालये तेव्हा वर्गणीवर चालत. रत्नागिरीचे 1828 चे, नाशिकचे 1840 चे, पुण्याचे 1848 चे, ही सगळी मोठ्या तळमळीने उभी राहिलेली कामे. पण ती वर्गणीदारांची होती, आणि ग्रंथपाल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा माणूस. महाराजांना हवी असलेली व्यवस्था चालवायला वेगळ्या घडणीचा माणूस लागणार होता, आणि तो हिंदुस्थानात कुठेच तयार होत नव्हता.

एक गोष्ट मात्र त्यांच्या आधीच घडू लागली होती. वसो गावचे शिक्षक मोतीभाई अमीन 1906 च्या सुमारास गुजरातच्या खेड्यांतून मित्रमंडळ वाचनालये काढत होते. चार मित्रांनी वर्तमानपत्रे आणायची, सगळ्यांनी वाचायची, हिशोब वहीत लिहायचा. त्यामागे सरकार नव्हते. बडोद्याच्या यशाचे सगळे श्रेय राजवाड्याला देणाऱ्यांनी मोतीभाईंना विसरू नये, हे मी वर्गात आग्रहाने सांगते.

माणूस आणायचा की माणसे पाठवायची

बडोद्यात हुशार मुलांना परदेशी शिकायला पाठवण्याची रीत होती. ग्रंथालयाच्या कामासाठीही दोन-तीन तरुणांना अमेरिकेला पाठवता आले असते. महाराजांनी उलटे केले. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल असलेले विल्यम अॅलन्सन बोर्डन यांना त्यांनी 1910 मध्ये बडोद्याला आणले आणि संस्थानच्या ग्रंथालय खात्याचे प्रमुख केले.

निवड विचारपूर्वक होती. चार्ल्स कटर आणि मेल्विल ड्युई ही अमेरिकन ग्रंथालयशास्त्रातली दोन मोठी नावे, आणि बोर्डन यांनी दोघांचेही काम जवळून पाहिले होते. 1887 साली ड्युई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जगातला पहिला ग्रंथालयवर्ग काढला, तिथे बोर्डन व्याख्याते होते. म्हणजे ग्रंथपाल वर्गात बसवून घडवता येतो हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते, अशा मोजक्या माणसांपैकी ते एक.

परदेशी पाठवलेली दोन माणसे परतली असती तर बडोद्याला दोन ग्रंथपाल मिळाले असते. ती तिथल्या पुस्तकांवर, तिथल्या वाचकांवर शिकून आली असती. शिकवणारा इथे आणल्यामुळे आख्खी तुकडी एकदम शिकली, आणि आपल्याच कपाटांवर शिकली. मला हा निर्णय सबंध प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आमच्या एका कार्यशाळेत मी याच्या नेमके उलट पाहिले आहे. शहरातल्या वातानुकूलित सभागृहात संगणकीकरणाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. शिकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या ग्रंथालयात तेव्हा संगणकच नव्हता. घरी येईपर्यंत ते सगळे विसरून गेले, आणि दोष मात्र त्यांच्याच माथी आला.

1911 चा वर्ग

बोर्डन यांनी 1911 मध्ये बडोद्यात ग्रंथालयवर्ग सुरू केला. भारतातला हा पहिला ग्रंथालयवर्ग मानला जातो. लाहोरला पंजाब विद्यापीठात एसा डॉन डिकिन्सन या दुसऱ्या अमेरिकनाने वर्ग काढला तो 1915 मध्ये, आणि मद्रासला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या प्रयत्नातून वर्ग सुरू झाला तो त्यानंतरही चौदा वर्षांनी, 1929 साली.

लाहोरचा वर्ग विद्यापीठाचा होता, बडोद्याचा खात्याचा. हा फरक लहान दिसतो, पण इथे शिकणाऱ्याला आपण उद्या कुठल्या टेबलावर बसणार हे ठाऊक होते. राजवाड्यातून आलेले ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयात लावायचे काम समोर पडलेले, आणि वर्गाचा अभ्यास तोच. वर्गीकरण शिकायचे ते त्या ग्रंथांवर, तालिका, म्हणजे पुस्तकांची सूची, करायची ती त्यांचीच.

वर्गीकरणाचा प्रश्न इथे फार बोलका आहे. ड्युईंची दशांश पद्धती, म्हणजे प्रत्येक विषयाला एक अंक देऊन पुस्तके लावण्याची रीत, ही अमेरिकन ग्रंथपालाने अमेरिकन कपाटासाठी केलेली. तिच्यात ख्रिस्ती धर्माला 200 पासून जवळजवळ सगळी घरे, आणि जगातल्या बाकीच्या धर्मांना 290 मध्ये दाटीवाटीने जागा. साहित्याचेही तसेच. आजही आमच्या वर्गातली मुलगी पहिल्याच आठवड्यात पाठ करते : मराठी साहित्य 891.46, त्यात कविता 891.461, कादंबरी-कथा 891.463. इंग्रजी साहित्याला 820 असा सुटसुटीत अंक, आणि मराठी कादंबरीच्या पाठीवर दशांशचिन्हानंतर तीन आकडे. ज्या ग्रंथालयात दहापैकी नऊ पुस्तके मराठी, तिथे प्रत्येक चिठ्ठीवर 891.46 लिहून लिहून हात दुखतो, आणि नवी मुलगी विचारते, मॅडम, आपलं साहित्य इतकं मागे का? प्रश्न अगदी रास्त आहे.

संस्कृत, गुजराती, मराठी आणि इंग्रजी असे चार भाषांचे ग्रंथ बोर्डन यांच्या समोर होते. त्यांनी कटर आणि ड्युई यांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरण पद्धती बनवली. ती पुढे फार पसरली नाही, आणि शास्त्र म्हणून तिच्यात दोष काढता येतील. पण पहिल्या तुकडीने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली : बाहेरून आलेली पद्धत आपल्या पुस्तकांना बसत नसेल तर ती वाकवता येते. मला वाटते, वर्गातला खरा धडा हाच होता.

मध्यवर्ती ग्रंथालयात वर्गणी नव्हती आणि मुक्तद्वार होते, वाचक थेट कपाटापाशी जात असे. पुस्तके चोरीला जातील, फाटतील, चुकीच्या जागी जातील, ही भीती तेव्हाही असणार. मुक्तद्वार आदेशाने सुरू करता येते, पण ते चालते कपाटाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या वागण्यावर. वाचकाकडे संशयाने पाहणारा, पुस्तके देणारा एक निर्गम सहायक सगळ्या पद्धतीवर पाणी फिरवतो. माझ्या पहिल्या नोकरीत आमच्याकडे कपाटांना जाळी होती आणि जाळीला कुलूप. वाचक बाहेरून बोट दाखवायचा. कुलूप काढल्यावर पहिले कित्येक महिने मी स्वतःच सारखी मागे वळून पाहत असे, हे कबूल करते.

तिमाही पत्र

या प्रकरणातल्या ज्या भागाबद्दल सर्वांत कमी बोलले जाते, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो.

1912 मध्ये बडोद्याहून 'लायब्ररी मिसलेनी' नावाचे तिमाही निघू लागले. ग्रंथालयांना वाहिलेले ते भारतातले पहिले नियतकालिक. त्यात तीन विभाग असत : इंग्रजी, गुजराती आणि मराठी. 1919 च्या सुमारापर्यंत ते चालले.

तीन भाषांचे कारण समजून घेण्यासाठी बडोदे संस्थानाचा नकाशा डोळ्यांपुढे आणायला हवा. संस्थान सलग नव्हते. बडोदे मध्ये, कडी उत्तरेला, नवसारी खाली सुरतेच्या पलीकडे, अमरेली थेट काठियावाडात, आणि मधे मधे इंग्रजी मुलूख आणि दुसरी संस्थाने. नवसारीच्या ग्रंथपालाला अमरेलीचा ग्रंथपाल आयुष्यात भेटेल याची खात्री नाही. एकाने शोधलेली युक्ती दुसऱ्याला कळावी तरी कशी? इंग्रजी विभाग बाहेरच्या जगासाठी आणि वरिष्ठांसाठी. गुजराती विभाग प्रांतातल्या गावांसाठी. आणि मराठी विभाग राजधानीतल्या मोठ्या मराठी वस्तीसाठी, शिवाय संस्थानाबाहेरच्या मराठी वाचकासाठीही. पगाराने आणि शिक्षणाने खालच्या पायरीवर असलेल्या कर्मचाऱ्यालाही त्याच्या भाषेत वाचता यावे, याची सोय पहिल्या अंकापासून झालेली होती.

आपल्याकडे प्रशिक्षण म्हटले की वर्ग, परीक्षा, प्रमाणपत्र एवढेच डोळ्यांपुढे येते. प्रमाणपत्र भिंतीवर लागल्यावर पुढची तीस वर्षे काय? ग्रंथपाल ज्या वर्षी शिकली त्याच वर्षात थांबते. तिला कोणी सांगत नाही की अनुदानाचा नवा शासन निर्णय आला, अमुक योजनेचे अर्ज सुरू झाले, शेजारच्या तालुक्यात एकीने मुलांसाठी असे केले आणि ते जमले. बडोद्यात वर्ग निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षी नियतकालिक निघाले. वर्गात जे सुरू झाले ते टपालाने चालू राहिले.

पुढे 1920 च्या दशकात बडोद्यात ग्रंथालयांची एक सहकारी संस्था उभी राहिली. ग्रंथालयांना लागणारे साहित्य पुरवणे हे तिचे काम, आणि 'पुस्तकालय' हे गुजराती मासिक तिच्याशी जोडलेले. शाईपासून नोंदवहीपर्यंतच्या पुरवठ्याच्या सोबतीने बातमी जायची, ही जोडणी मला फार आवडते.

पेटी

खेड्यांत परिस्थिती वेगळी होती. तिथे वर्ग शिकलेला ग्रंथपाल नेमणे शक्यच नव्हते. बहुतेक ठिकाणी गावचा शाळामास्तरच वाचनालय पाहत असे, शाळेच्या कामावर ओझे म्हणून. या माणसाला बडोद्याला बोलावून वर्गात बसवणे परवडणारे नव्हते.

इथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या कामाला आल्या. मध्यवर्ती कार्यालयाकडून निवडक पुस्तकांची कुलूपबंद पेटी गावाला जायची, वाहतुकीचा खर्च खात्याचा. ठरलेल्या मुदतीने ती परत यायची आणि दुसरी जायची. मोतीभाई अमीन आता ग्रंथालय खात्यात आले होते आणि ग्रामविभागाचा भार त्यांच्यावर होता. खेड्यातल्या मास्तराला काय जमेल आणि काय जमणार नाही हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? ते स्वतः शिक्षक होते.

पेटीकडे मी प्रशिक्षणाचे साधन म्हणून पाहते. पंधरा-वीस-तीस पुस्तके म्हणजे अख्खे ग्रंथालय एका नजरेत मावते. आत यादी आहे, बाहेर कुलूप आहे, कोणी काय नेले ते लिहायचे आहे, परत पाठवण्याची तारीख पाळायची आहे. परिग्रहण म्हणजे आलेल्या पुस्तकाची नोंद, देवघेव, साठा तपासणी, सगळे त्यात आले. एक पेटी नीट फिरवली की मास्तराला पुढच्या शंभर पुस्तकांचे भय राहत नाही. ज्याला हे एवढे जमले त्याच्या गावाने स्थायी वाचनालय मागायचे. त्यासाठी खर्चाची तिहेरी रीत होती : गावाने जेवढे जमवले तेवढेच संस्थान देणार आणि तेवढेच प्रांत पंचायत. इमारतीलाही हेच सूत्र. आपला वाटा घातलेला असल्यामुळे मास्तरानेही नीट काम केले की नाही, हे गावच पाहत असे.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी खात्याने मॅजिक लँटर्न, म्हणजे पडद्यावर चित्रे दाखवणारा दिवा, आणि पुढे चलचित्रांचे खेळ गावोगाव नेले. मुलांसाठी स्वतंत्र खोली झाली, स्त्रियांसाठी वाचनालय झाले. या प्रत्येक कामाला वेगळा हात लागतो. लहान मुलांना सांभाळणारा माणूस आणि संस्कृत पोथ्यांची तालिका करणारा माणूस, दोघांना एकाच वर्गातून काढता येत नाही हे बडोद्याने वेळेवर ओळखले. संस्कृत विभाग तर पुढे वाढत वाढत 1927 मध्ये प्राच्यविद्या मंदिर म्हणून वेगळाच झाला.

1913 : प्रमुख माणूस निघून गेल्यावर

बोर्डन तीन वर्षांनी, 1913 मध्ये, अमेरिकेला परतले. अशा वेळी काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. एक झपाटलेला ग्रंथपाल किंवा एक कळकळीचा अधिकारी बदलून जातो आणि वर्षभरात टेबलांवर धूळ बसते.

बडोद्यात तसे झाले नाही. ज. स. कुडाळकर या मराठी माणसाने पुढची धुरा उचलली. 'लायब्ररी मिसलेनी'च्या संपादनातही ते होते, आणि 1919 मध्ये त्यांनी बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहून ठेवले. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले, त्यांचेही बडोद्याच्या ग्रंथालयांवरचे पुस्तक 1928 चे आहे. ग्रामविभागात मोतीभाई होतेच. खात्याचे प्रमुख बदलत गेले, पण पेट्या फिरत राहिल्या.

दोन प्रमुखांनी आपल्या कामाची हकिगत लिहून ठेवली, याकडे मी विशेष लक्ष वेधते. त्यामुळेच शंभर वर्षांनी मला हे लिहिता येते. आपल्या जिल्ह्यांत पन्नास पन्नास वर्षे राबलेले ग्रंथपाल गेले आणि त्यांनी काय केले, कसे केले, याचा कागद मागे नाही. मागे राहतात ते वार्षिक अहवाल, आणि त्यात सभासदसंख्या आणि खर्चाचे रकाने. तपासणीत विचारत नाहीत म्हणून आपण ते लिहीत नाही. कार्यवाहांनी आणि ग्रंथपालांनी वर्षातून चार पाने आपल्या भाषेत लिहायलाच हवीत, असे माझे ठाम मत आहे.

जे वर्गाने साधले नाही

1913 हे साल मला आणखी एका कारणासाठी आठवते. त्या वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. ड्युईंचा ग्रंथालयवर्ग जिथे सुरू झाला ते हेच विद्यापीठ. 1917 मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला परतले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले, आणि कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत.

मोफत ग्रंथालय, मुक्तद्वार आणि गावोगाव पेटी हे सगळे असलेल्या शहरात हे घडले. महाराजांचे धोरण त्या काळाच्या मानाने पुढारलेले होते, यात शंका नाही. पण आदेश आणि शिपायाचा हात यांच्यात केवढे अंतर असते ते इथे दिसते. गावातले वाचनालय ज्या जागेत होते तिथे गावातल्या प्रत्येकाला पाऊल ठेवता येत होते का? पेटीतले पुस्तक महारवाड्यातल्या मुलाच्या हाती पडत होते का? 1911 च्या वर्गाचे कौतुक करताना हा प्रश्न मी बाजूला ठेवू शकत नाही. आजच्या प्रमाणपत्र वर्गातही वाचकसेवा हा विषय असतो. त्याच्या तासाला मी हीच गोष्ट सांगते, आणि मग मुलांना विचारते की तुमच्या ग्रंथालयात कोण येत नाही. पहिल्यांदा उत्तर येते, सगळे येतात मॅडम. थोडा वेळ थांबावे लागते.

दुसरी उणीव कायद्याची. बडोद्याची व्यवस्था राजाच्या मर्जीवर आणि खात्याच्या आदेशांवर उभी होती. 1939 मध्ये सयाजीराव गेले, त्याच वर्षी मोतीभाईही गेले. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि ग्रंथालय खाते एका मोठ्या राज्याच्या कारभारातला लहान तुकडा झाले. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो देशातला पहिला. बडोद्याने सगळे केले, एवढे केले नाही. मुंबई सरकारने 1939 मध्ये ग्रंथालयांच्या विकासासाठी फैजी समिती नेमली, तिचा अहवाल 1940 चा. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा, तो 1 मे 1968 पासून लागू झाला. गुजरातला कायदा मिळायला 2001 उजाडले.

आपल्या दारात

महाराष्ट्रात आज शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये 11,000 हून अधिक आहेत, 'अ' पासून सर्वांत लहान 'ड' वर्गापर्यंत. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तीही कित्येक वर्षांच्या मागणीनंतर. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणजे एकटी व्यक्ती, झाडण्यापासून वार्षिक अहवालापर्यंत सगळे तिच्याकडे, आणि महिन्याला हाती येणारी रक्कम सांगायलाही लाज वाटावी अशी. तिला पुढे शिकायचे असेल तर वाटा आहेत : प्रमाणपत्र वर्ग, मुक्त विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची पदवी, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या साहाय्याने होणारी चर्चासत्रे आणि कार्यशाळा. प्रतिष्ठानची एक योजना तर राज्याने जेवढे घातले तेवढे आम्ही घालू, अशी आहे, म्हणजे बडोद्याच्या तिहेरी रीतीची नातेवाईकच.

वाटा आहेत, बातमी मात्र पोचत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाला प्रवेश घ्यायला एक मुलगी मुदत संपल्यावर आली. तिच्या ग्रंथालयाच्या नावाने आलेले पत्र कार्यवाहांच्या घरी पोचले होते, आणि कार्यवाह मुंबईला लेकाकडे होते. पत्र दोन महिने बंद पाकिटात राहिले. तिचे वर्ष गेले. मोबाइलवरचे गट आहेत, पण तिथे शुभसकाळच्या फुलांत परिपत्रक बुडून जाते.

त्या मुलीचे वर्ष गेल्यानंतर आम्ही तिघींनी एक दोनपानी पत्रक काढायला सुरुवात केली, तिमाही. डोक्यात 'मिसलेनी' होतीच. पहिल्या पानावर तारखा : अहवाल कधी द्यायचा, कुठल्या वर्गाचे प्रवेश कधी सुरू, कुठल्या कार्यशाळेला कोणाकडे नाव द्यायचे. दुसऱ्या पानावर एक कृती, करून पाहिलेली. फाटलेला कणा कसा सांधायचा. नाटकाला 891.462 देताना एकांकिकासंग्रहाचे काय करायचे. आणि शेवटी एका ग्रंथपालाचे पत्र, तिच्याच शब्दांत, आम्ही फक्त शुद्धलेखन पाहतो. पत्रक कार्यवाहांच्या नावाने जात नाही, ग्रंथपालाच्या नावाने जाते. एवढ्या साध्या बदलाने सर्वांत जास्त फरक पडला. आपल्या नावाचे टपाल आले म्हणून एकीने ते पाकीटच जपून ठेवले आहे.

दुसऱ्या अंकात मी बडोद्याच्या पेटीबद्दल लिहिले. तिसऱ्या अंकासाठी एका 'ड' वर्ग ग्रंथालयातल्या ग्रंथपाल मुलीचे पत्र आले. तिने जुनी पत्र्याची ट्रंक घासून घेतली, आत 30 पुस्तके ठेवली, झाकणाला आतून यादी चिकटवली आणि ट्रंक दोन कोसांवरच्या वस्तीवर बचत गटाच्या बाईंकडे दिली. बाईंना तिने अर्ध्या तासात शिकवले : नाव, पुस्तकाचा नंबर, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. दीड महिन्याने ट्रंक परत आली. वहीत 74 नोंदी, एका खाली एक, तारखांसकट. आत पुस्तके 29. तिसावे शेळीपालनाचे होते, आणि वहीप्रमाणे ते पाचव्या घरात गेले होते. वसुलीला जाऊ का, असे तिने पत्राच्या शेवटी विचारले होते. मी कळवले, पुस्तक राहू दे तिकडे, आणि पाचव्या घराला शेळ्यांवरचे दुसरेही एक पुस्तक पुढच्या ट्रंकेतून पाठव.